फेअर म्हणजे काय?

फेअर म्हणजे गोरा एवढंच मला ठाऊक होतं. मी काळी, म्हणून त्या शब्दाचा मला लई राग यायचा. पण गुरुजींनी शब्दकोश दाखवला. फेअर म्हणजे न्यायाचा, सगळ्यांना सारखा, असाही अर्थ आहे. सुबक अक्षरात लिहितो तीसुद्धा फेअर वहीच.

घरी मी म्हटलं, "आई, दादाला दूध आन् मला कोरा चहा, हे फेअर नाही." आई हसली, मग गप्प झाली. दुसऱ्या दिवशी दोघांना अर्धा अर्धा पेला दूध मिळालं.

२०२० साली गोरेपणाच्या एका क्रीमच्या नावातूनसुद्धा फेअर शब्द काढला. माझे मत असे की, वर्गात न्यायाचा अर्थ आधी शिकवावा. गोरं होणं आपल्या हातात नाही. फेअर वागणं आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी