आईची चाल बघा, आणि याच गणपतीत बघा

गणपतीला गावी निघालेल्या प्रत्येक लेकाला, लेकीला आणि सुनेला कळकळीची विनंती आहे. घरात सत्तरीपुढची माणसं असतील तर त्यांची विचारपूस बसल्या जागी उरकू नका. त्यांना उठवा, ओटीवरून न्हाणीपर्यंत चालायला सांगा आणि मागे उभं राहून बघा. पाऊल उचललं जातंय, की तळवा जमिनीला चिकटल्यासारखा घासत जातोय? दोन पायांत अंतर ठेवून वीतभर पावलं पडतायत का? न्हाणीच्या दाराशी वळताना जागच्या जागी सहा-सात पावलं टाकावी लागतायत? उंबरठ्याशी थबकायला होतंय? तर ‘वय झालं’ म्हणून विषय मिटवू नका. रोज सोबत राहणाऱ्यांच्या हा बदल लक्षात येत नाही. वर्षाने येणाऱ्याच्या येतो, म्हणून तुम्हालाच सांगणं आहे.

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती साधारण 150 मिलिलिटर पाणी फिरत असतं. दिवसाला सुमारे अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच शोषलं जातं. उतारवयात काहींचं हे चक्र बिघडतं, मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, आणि तरीही पाठीतून मोजलेला दाब बहुधा नॉर्मलच भरतो. याला नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस, थोडक्यात एनपीएच म्हणतात. बोगोटाचे न्यूरोसर्जन सालोमोन हाकिम आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी 1965 साली तो जगापुढे मांडला. बहुधा आधी चाल बिघडते, मग लघवीवरचा ताबा सुटतो, विचार मंदावतो, विसर पडतो. तिन्ही एकदम दिसायची वाट बघत बसू नका. स्वीडनमधल्या एका पाहणीत ऐंशीपुढच्या शंभरातल्या जवळपास सहा जणांत या आजाराची चिन्हं आढळली होती, म्हणजे तो वाटतो तेवढा दुर्मिळ नाही.

लघवीचं मात्र कोणी आपणहून सांगणार नाही. आई तर नाहीच. ओला परकर ती रात्रीच धुऊन वाळत टाकते, पाणी कमी पिते, एसटीचा प्रवास टाळते आणि लग्नाला न येण्याचं कारण गुडघे सांगते. लेकीने किंवा सुनेने तिला एकटीला गाठून सरळ विचारावं. वडिलांच्या बाबतीत सगळं खापर प्रोस्टेटवर फुटतं. बऱ्याचदा दुखणं तेच असतंही. पण चालही बिघडली असेल तर डोक्याकडे बघायला हवं.

दुसरी चकवणारी गोष्ट पार्किन्सन. त्याच्या गोळ्या योग्य मात्रेत पुरेसे दिवस घेऊनही चालण्यात काडीचा फरक नसेल, तर न्यूरोफिजिशियनला स्पष्ट विचारा, ‘मेंदूत पाणी साठलंय का, हे बघायचं का?’ कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत जुना सीटी किंवा एमआरआय असेलच. रिपोर्टमध्ये ‘वयोमानानुसार मेंदू आकसला’ एवढं लिहिलेलं असलं तरी फिल्म पुन्हा दाखवा.

डॉक्टरांना शंका आली तर ते पाठीतून 30 ते 50 मिलिलिटर पाणी काढून बघतात आणि आधी-नंतरची चाल मोजतात. ‘पाठीत सुई घातली की पाय जातात’ हे ऐकून घरोघरी ही तपासणी नाकारली जाते. सुई मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली टोचतात, तेव्हा कृपा करून या भीतीपायी मागे फिरू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेवढं आधी सांगा. एकदा पाणी काढून फरक पडला नाही, तरी आजार नाहीच असं ठरत नाही. काही ठिकाणी नळी ठेवून दोन-तीन दिवस पाणी काढतात.

निदान पक्कं झालं तर उपाय शंटचा. मेंदूतल्या पोकळीतून कातडीखालून पोटात बारीक नळी सोडतात, वाटेत झडप असते. जंतुसंसर्ग, नळी तुंबणं, जास्त पाणी निघून कवटीत रक्त साठणं, हे धोके खरे आहेत. ते विचारूनच निर्णय घ्या. सुधारणा सर्वांत जास्त चालण्यात दिसते, स्मृतीत कमी. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शंट सगळ्यांनाच बसवला, पण निम्म्यांची झडप जवळजवळ बंद ठेवली. तीन महिन्यांनी चालण्याचा वेग वाढला तो झडप उघडी असलेल्यांचा. उशीर होत गेला, की परत मिळण्यासारखं कमी उरतं. घाई आहे ती यासाठी.

सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. त्यात शंट बसतो का, हे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारा. जाताना मोबाइलवर चालण्याचा आणि वळण्याचा व्हिडिओ घ्या, काय कधी सुरू झालं ते कागदावर लिहा, पूर्वी डोक्याला मार लागला असेल किंवा मेंदूज्वर झाला असेल तर तेही. एकाएकी एक बाजू लुळी पडली किंवा बोबडी वळली, तर यातलं काहीच करत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. एरवी अपॉइंटमेंट घ्या, आणि ती परतीच्या तिकिटाच्या आधीची घ्या.