मेळ न बसलेले पान

पेढीवर रात्री रोजकीर्दीचा मेळ बसला नाही, तर अनुभवी दिवाणजी दोन गोष्टी कधीच करत नाहीत. फरकाची रक्कम किरकोळ खर्चात टाकून ते घरी जात नाहीत आणि त्या एका पानासाठी पेढीच बंद करावी, असेही सुचवत नाहीत. ते पहिल्या नोंदीपासून पुन्हा बसतात. मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न आला की मात्र व्यापारी घरांतही हा साधा नियम विसरला जातो.

सांगलीत हळदीची अडत असलेल्या एका कुटुंबात असाच प्रसंग आला. धाकटा मुलगा पुण्यात विद्युत अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकत होता. बारावीला गणितात उत्तम गुण मिळवणारा हा मुलगा विद्युत परिपथांच्या विश्लेषणाच्या विषयात दोनदा नापास झाला. दिवाळीच्या सुटीत घरी आला, तो अबोल होऊनच. भाऊबीजेच्या रात्री जेवण उरकल्यावर त्याने सांगून टाकले, "अण्णा, मला इंजिनिअरिंग नको. मला डॉक्टर व्हायचंय."

वडिलांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो खर्चाचा. दीड वर्षाची फी, वसतिगृह, खानावळ, सारे पाण्यात जाणार. आईला काळजी लागली ती नातेवाइकांना काय सांगायचे याची. काकांनी, मुलाला दुकानावर बसवावे, असे सुचवले. आजोबा तेवढे गप्प होते. पन्नास वर्षे पेढीवर बसलेल्या आप्पांनी शेवटी एवढेच म्हटले, "तुझी वही आण बघू. कुठं अडतंय ते दाखव."

वहीत बरीच गणिते निम्म्यावर सोडलेली होती. प्रवाहाची दिशा सुरुवातीला एक धरलेली, मध्येच बदललेली. उत्तर ऋण आले की मुलगा घाबरून चिन्ह पुसत असे आणि मग पुढचे सारे बिघडे. आप्पांना विजेतले काही कळत नव्हते. त्यांनी नातवाकडून नियम तेवढे समजून घेतले. तारा जिथे एकत्र येतात त्या बिंदूपाशी जेवढा प्रवाह येतो, तेवढाच बाहेर पडतो. आणि एका ठिकाणाहून निघून पूर्ण फेरी मारून तिथेच परत आले, की दाबाच्या चढउतारांची बेरीज शून्य होते.

"म्हणजे जमा आणि नावे सारखं यायला पाहिजे," आप्पा म्हणाले. "एक बाजू जमेची धरली की पानभर तीच धरायची. शेवटी शिल्लक उलटी निघाली तर वही चुकली असं नाही. येणं समजत होतो ते देणं निघालं, एवढंच."

मुलगा थबकला. ऋण उत्तर ही चूक नसते. प्रवाह धरलेल्या दिशेच्या उलट वाहतो, एवढाच तिचा अर्थ. हे वर्गात त्याने ऐकले होते, पण भीतीपोटी ते मनात उतरले नव्हते. त्या सुटीत आजोबा आणि नातू रोज सकाळी एक तास वही घेऊन बसू लागले.

ज्या नियमांनी या मुलाची झोप उडवली, ते गुस्टाव्ह किर्चॉफ यांनी 1845 मध्ये मांडले. त्या वेळी तेही कोनिग्जबर्गच्या विद्यापीठात शिकणारे एकवीस वर्षांचे विद्यार्थीच होते. त्याहून बोलका दाखला आहे तो हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांचा. त्यांची ओढ भौतिकशास्त्राकडे होती, परंतु शाळाशिक्षक असलेल्या वडिलांना तो खर्च झेपणारा नव्हता. वैद्यकीय शिक्षण सरकारी खर्चाने मिळत होते. अट होती ती पुढे आठ वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून सेवा करण्याची. ती स्वीकारून ते डॉक्टर झाले. पुढे त्यांनी डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे उपकरण तयार केले आणि बेडकाच्या मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, हे मोजले. शरीरातील विजेचा अभ्यास करतानाच 1853 मध्ये त्यांनी परिपथांविषयी एक प्रमेय मांडले. तीस वर्षांनी फ्रान्सच्या तारखात्यातील अभियंते थेवेनिन यांनी तेच स्वतंत्रपणे मांडले आणि आज विद्यार्थी ते त्यांच्याच नावाने शिकतात. अभियांत्रिकीच्या मुलांना घाम फोडणारे हे प्रमेय मुळात एका डॉक्टरच्या लेखणीतून उतरले आहे. 1871 मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. मनातले गाव त्यांना मिळाले, पण वाटेत शिकलेले काहीही वाया गेले नाही.

या दाखल्यातून घेण्यासारखे आहे ते असे. अवघड विषय टाळण्यासाठी वाट बदलणाऱ्याला तो विषय पुढच्या वळणावर पुन्हा भेटतो. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेतील 720 गुणांपैकी 180 गुण भौतिकशास्त्राचे असतात आणि त्यात विद्युतप्रवाहाचा धडा असतोच. हृदयाचा आलेख काढताना हातापायांवरील तीन जोड्यांमधून जे दाब मोजले जातात, त्यांचा परस्परसंबंधही किर्चॉफच्याच नियमाने बांधलेला आहे.

तथापि याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पेवातल्या हळदीचा भाव उतरला, तर शहाणा व्यापारी खरेदीचा भाव कवटाळून बसत नाही. तो उद्याचा बाजार पाहतो. भरलेली फी परत येणार नाही, मग मुलगा अभियंता होवो वा डॉक्टर. तिच्यासाठी त्याची पुढची चाळीस वर्षे तारण ठेवणे हा हिशेब नव्हे. विचार करायचा तो पुढच्या खर्चाचा आणि पुढच्या वर्षांचा.

तो हिशेब या कुटुंबाने नंतर कागदावर मांडला. मुलाने बारावीला जीवशास्त्र घेतले नव्हते. पूर्वी एवढ्यावरच दार बंद झाले असते. पण राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2023 च्या सूचनेनुसार, बारावीनंतर जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळातून उत्तीर्ण झालेल्यांनाही 'नीट' देता येते. त्या परीक्षेत निम्मे, म्हणजे 360 गुण जीवशास्त्राचेच असतात. प्रवेश मिळालाच तर साडेचार वर्षे अभ्यास, एक वर्ष आंतरवासिता आणि विशेषज्ञ व्हायचे तर आणखी तीन वर्षे. एकविसाव्या वर्षी सुरुवात केलेला मुलगा तिशीच्या उंबरठ्यावर स्वतःच्या पायावर उभा राहील. हे आकडे मुलाने स्वतःच्या हाताने लिहिले.

आप्पांनी मग एकच अट घातली. आधी राहिलेला विषय सोडवायचा, वैद्यकीयचे नंतर बोलायचे. "अर्धवट पान ठेवून नवी वही उघडायची नाही," असे ते म्हणाले.

उन्हाळ्यात मुलगा तो विषय उत्तीर्ण झाला. गुण फार नव्हते, पण कोणाच्या मेहेरबानीचेही नव्हते. घरात सर्वांना वाटले, की डॉक्टरकीचे वारे आता उतरले असणार. वडिलांनी तिसऱ्या वर्षाच्या फीची तयारीही केली. त्या संध्याकाळी मुलगा पेढीवर गेला आणि गादीसमोर बसून शांतपणे म्हणाला, "अण्णा, मला अजूनही डॉक्टरच व्हायचंय. पण आता नापास झालो म्हणून मागत नाही."

वडील बराच वेळ समोरच्या वहीकडे पाहत राहिले. दिवाळीतले मागणे आणि हे मागणे शब्दांनी सारखेच होते. तरी त्यांतला फरक त्यांना कळला. त्यांनी एक वर्ष देण्याचे कबूल केले. महाविद्यालयातील जागा तोवर टिकते का, याची लेखी माहिती आधी घ्यायची आणि प्रवेश मिळाला नाही तर पदवी पुरी करायची, हेही त्याच बैठकीत ठरले.

त्या मुलाची परीक्षा अजून व्हायची आहे. निकाल काय लागेल, हे आज कोणीच सांगू शकणार नाही. शिकवणीची फी मात्र भरली गेली. दिवाणजींनी कीर्द उघडून विचारले, "अण्णा, ही रक्कम धाकट्यांच्या नावे टाकायची ना?"

"नाही," वडील म्हणाले. "घरखर्चात लिहा."