सर्टिफिकेट बसवले, तरी संकेतस्थळ का उघडत नाही?

निपाणी, खानापूर, बेळगाव परिसरातल्या माणसाला दोन राज्यांच्या संकेतस्थळांशी गाठ असते. जमिनीचा उतारा कर्नाटकाच्या ‘भूमी’वर, तर सीमाभागातील विद्यार्थी म्हणून अभियांत्रिकीचा अर्ज महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाकडे. 2023 मध्ये महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या 865 गावांना लागू केली, तेव्हा त्यात आणखी भर पडली. शिवाय पतसंस्था, शाळा, वाचनालये यांची स्वतःची संकेतस्थळे आहेतच. अशा वेळी एखाद्या पानाऐवजी ‘तुमचे कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा पडद्यावर आला, की सेवा केंद्रात ठरलेला सल्ला मिळतो: ‘प्रगत’ दाबा आणि पुढे जा. हा सल्ला घातक आहे. दोष अनेकदा सर्व्हरवर असतो, तेव्हा तो तिथेच दुरुस्त करता येतो, आणि ती जबाबदारी संस्थेची आहे, उतारा काढायला आलेल्या शेतकऱ्याची नाही.

हा बिघाड पुष्कळदा नवे सर्टिफिकेट, म्हणजे संकेतस्थळाची ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र, बसवल्यानंतरच सुरू होतो. पान अजिबात उघडत नसेल, नुसतेच फिरत राहत असेल, तर आधी फायरवॉल पाहावी. साध्या एचटीटीपीचे 80 क्रमांकाचे पोर्ट उघडे असते आणि सुरक्षित जोडणीचे 443 उघडायचे राहून गेलेले असते. इशारा येत असेल तर सर्टिफिकेटवरचे नाव तपासावे. ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेल्या पत्त्यासाठीच घेतले असेल, तर त्याशिवाय पत्ता टाकणारा अडकतो. नूतनीकरण झाले, नवी फाइल डिस्कवर आली, पण वेब सर्व्हर रीलोडच केला नाही, असेही होते; मग तो मेमरीतले जुने, मुदत संपलेले सर्टिफिकेटच दाखवत राहतो. सगळ्यांत फसवा दोष मधल्या सर्टिफिकेटचा. संस्थेचे सर्टिफिकेट आणि ब्राउझरला माहीत असलेले मूळ सर्टिफिकेट यांना जोडणारी कडी सर्व्हरने पाठवायची असते. ती पाठवली नाही तरी काही ब्राउझर ती स्वतः शोधून आणतात, सगळे आणत नाहीत. त्यामुळे कार्यालयातल्या संगणकावर संकेतस्थळ व्यवस्थित दिसते आणि एखाद्याच्या जुन्या फोनवर किंवा ॲपमध्ये नेमके अडते. ‘आमच्याकडे तर चालतंय’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एकट्या सर्टिफिकेटऐवजी पूर्ण साखळीची फाइल द्यावी लागते. काम एका ओळीचे आहे, पण ते राहिले तर रांगेतला माणूस परत जातो.

यावर कुणी म्हणेल, छोट्या संस्थेला हे परवडत नाही. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची सर्टिफिकेटे 2015 च्या अखेरीपासून सर्वांना फुकट मिळतात, आणि वरच्या दुरुस्त्यांना पैसे नव्हे, लक्ष लागते. मनुष्यबळाची अडचण मात्र खरी आहे. तालुक्याच्या पतसंस्थेत सर्व्हर जाणणारा कर्मचारी नसतो. पण मग ठेकेदाराशी केलेल्या करारात ही तपासणी लिहून घ्यावी. दुसरा आक्षेप असा, की आमच्या पानावर गुपित काय आहे? गुपित नसले तरी पान वाटेत बदलता येते, आणि लॉगिन व आधार क्रमांक मागणारी पाने तर गुपिताचीच असतात. इशारा पोकळ नसतो, हे आपल्याच देशात दिसले आहे. जुलै 2014 मध्ये एनआयसीच्या (राष्ट्रीय माहिती केंद्राच्या) प्रमाणन यंत्रणेतून गुगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत सर्टिफिकेटे दिली गेल्याचे उघड झाले आणि ती रद्द करावी लागली.  लोकांना प्रत्येक इशारा ओलांडायची सवय लावली, तर खरा धोका समोर येईल तेव्हाही त्यांचे बोट त्याच बटनावर जाईल.

हा प्रश्न आता वारंवार येणार आहे. सर्टिफिकेटची कमाल मुदत 15 मार्च 2026 पासून 200 दिवस, त्याच्या पुढच्या वर्षी 100 आणि 15 मार्च 2029 पासून 47 दिवस असे ठरले आहे. वर्षातून एकदा हाताने बसवायचे दिवस संपले. नूतनीकरण आणि त्यानंतरचे रीलोड दोन्ही आपोआप व्हायला हवे. सीमाभागातल्या संस्थाचालकांना विनंती एवढीच, की ठेकेदाराचे बिल काढण्यापूर्वी कार्यालयाचे वायफाय बंद करून, मोबाइल डेटावर, एखाद्या जुन्या फोनवरही संकेतस्थळ उघडून पाहावे. आणि इशारा दिसत असेपर्यंत त्या पानावर आधार क्रमांक, पासवर्ड किंवा ओटीपी कुणीही भरू नये.