थंडी खाली असते, बॉस!

पुण्याची थंडी म्हणजे आपल्यासाठी फुल टू धमाल. कपाटातलं जॅकेट बाहेर येतं, टपरीवर आल्याचा चहा, वीकेंडला सिंहगडावर पिठलं-भाकरी. जानेवारीत पहाटे पारा कधी दहाच्याही खाली, दुपारी तिशीच्या आसपास. आपण स्वेटर चढवतो, उतरवतो. आमच्या बंड्याकडे मात्र एकच कोट, तोही जन्मापासूनचा.

बंड्या अकरा वर्षांचा, अस्सल गावठी. ‘गावठी कुत्र्याला कसली आलीय थंडी?’ हे माझंच लाडकं वाक्य. त्यामुळे त्याचा मुक्काम वर्षानुवर्षं बाल्कनीत, एका चपट्या झालेल्या गादीवर. गेल्या जानेवारीत एका सकाळी मी पट्टा वाजवला, तर साहेब उठेचनात. पुढचे पाय टेकले, मागचे हलेनात. माझ्याकडे बघून नुसती शेपटी आपटली. पोटात धस्स झालं.

आणि मी काय करावं? ड्रॉवरमधून माझीच अंगदुखीची गोळी काढली. अर्धी देऊन बघू, म्हटलं. नशीब, आधी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी फोनवरच झापलं. ‘माणसांची गोळी अजिबात द्यायची नाही! आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाऊ शकते. मांजराचा तर पॅरासिटामॉलच्या एका गोळीनेही जीव जातो.’

तपासल्यावर संधिवात निघाला. वय होतंच, त्यात गारठ्याने सांधे आखडलेले. औषधं लिहून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, ‘तो झोपतो तिथे तुम्ही कधी बसून पाहिलंय?’

त्या रात्री बसले. अकरा वाजता, बाल्कनीत, बंड्याच्या जागेवर. उभ्याने ‘मस्त गारवा’ वाटणारी हवा खाली बसल्यावर बोचायला लागली. थंड हवा जड, ती खालीच साचते. शिवाय फरशी अंगातली ऊब ओढून घेते. दहा मिनिटांत मी आत पळाले. तो मात्र तिथे रात्र रात्र काढत होता, आणि तक्रार करायला त्याला तोंड कुठे होतं?

तेव्हापासून बंड्या हॉलमध्ये झोपतो. दाराच्या झोतापासून लांब, खाली गोणपाट, त्यावर जाड पुठ्ठा, वर आजीची गोधडी. वॉकची वेळही बदलली. माझ्या ऑफिसच्या सोयीने आम्ही सकाळी सहाला आणि रात्री दहाला फिरायचो, म्हणजे नेमक्या गारठ्याच्या वेळा! आता साडेसातला, कोवळ्या उन्हात. आंघोळ फक्त रविवारी दुपारी, कोमट पाण्याने, आणि केस मुळापर्यंत कोरडे होईस्तोवर सुट्टी नाही.

स्वेटरचं म्हणाल, तर फॅशन म्हणून नको. हस्कीला दुहेरी केसांचा कोट असतो, पुण्याची थंडी त्याच्यासाठी पिकनिक. पग, डॅशहंड, पिल्लं आणि म्हातारी मंडळी यांना रात्री जरूर घाला, पण ऊन चढलं की काढा. कॉइलचा हीटर लावून त्यांना एकटं सोडू नका. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर नकोच. तिच्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तो तुम्हालाही कळणार नाही. हात लावल्यावर अंग गरम लागलं म्हणून लगेच घाबरूही नका. कुत्र्याचं नॉर्मल तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

आणि हो, आईने पाठवलेला डिंकाच्या लाडवांचा डबा उंचावर ठेवा. त्यातल्या मनुका-बेदाण्यांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. मी आईला हे सांगितलं, तर ती म्हणाली, ‘अगं, मग त्याच्यासाठी वेगळे करते की, बिनमनुकांचे!’ तिला समजावलं, त्याला लाडू नको, गोधडी पाठव.

थंडी फक्त घरातल्यांनाच वाजते असंही नाही. आमचे वॉचमनकाका गेटमागे दोन पोती टाकतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी. सकाळी दव पडून ओली झाली की उन्हात वाळवतात. ओलं पोतं नसल्यापेक्षा वाईट, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ऊब शोधत मांजरं गाडीच्या इंजिनापाशी जाऊन बसतात, म्हणून सकाळी गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, हेही मला त्यांनीच सांगितलं.

बंड्या अजूनही सावकाशच उठतो. पण उठतो. पट्टा वाजला की दारापर्यंत येतो, मला तेवढं पुरे.

तुम्ही एवढंच करा. आज रात्री टीव्ही बंद केलात की तुमच्या बंड्याच्या शेजारी जमिनीवर दहा मिनिटं बसा. स्वेटर काढून.