परिपत्रक दारापर्यंत पोचते का?

सरकारी कारभारात ‘सुविधा उपलब्ध आहे’ या वाक्याला दोन अर्थ असतात. एक फायलीतला, दुसरा दाराशी ताटकळणाऱ्या माणसाचा. सारी नोकरी बँकेत झाल्यामुळे हा फरक मला चांगला ठाऊक आहे. मुख्य कार्यालयातून परिपत्रक निघाले की वरच्यांच्या लेखी काम संपते. शाखेच्या काउंटरवर ते तेव्हा कुठे सुरू व्हायचे असते. तृतीयपंथीयांच्या सार्वजनिक सोयींवरील हक्काचे आपल्याकडे नेमके हेच झाले आहे.

कागदाची बाजू मुळीच लंगडी नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. राधाकृष्णन आणि न्या. सिक्री यांनी तृतीयपंथीयांना ‘तिसरे लिंग’ म्हणून मान्यता दिली. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी त्या खटल्यात सामील झाल्या होत्या. इस्पितळांत उपचार आणि स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहे द्या, असे त्याच निकालात सरकारांना बजावले होते. पुढे संसदेने २०१९ साली कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. तृतीयपंथीयाला सार्वजनिक जागेत जाण्यापासून अडवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद, अशी शिक्षा त्याने ठरवली. सप्टेंबर २०२० च्या नियमांनी इस्पितळांतील वेगळे कक्ष आणि आस्थापनांतील स्वच्छतागृहे यांसाठी दोन वर्षांची मुदत घातली. ती मुदत २०२२ सालीच उलटली.

या दोन वर्षांच्या कैदेला एक जुना संदर्भ आहे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, त्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठी होता. सरकारदरबारी नोंदलेला हिजडा स्त्रीवेषात रस्त्यावर दिसला, तर त्याला विनावॉरंट अटक आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. कायदा उत्तर हिंदुस्थानातला. पण ज्या नजरेतून तो आला ती नजर प्रांताची हद्द पाळणारी नव्हती. तेव्हा रस्त्यावर दिसणे हा गुन्हा होता, आता रस्त्यावर अडवणे हा गुन्हा आहे. कायद्याने दीडशे वर्षांत एवढी मजल मारली. नजरेने किती मारली?

मी एका तालुक्याच्या गावी शाखेत होतो, तेव्हा बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी चिल्लर घेऊन येत. सुट्या पैशांची कायम टंचाई, त्यामुळे कॅशियर त्यांची वाट पाहत असे. नोटा हसतमुखाने दिल्या जात. पण त्यांच्यापैकी कोणाचे खाते नव्हते. अर्जावर दोनच चौकोन होते, आणि ‘वडिलांचे किंवा पतीचे नाव’ या रकान्यात गुरूचे नाव बसत नव्हते. प्यायला पाणी मागितले तर शिपाई ते वरून ओंजळीत ओतत असे. पैसा आत येत होता, माणूस उंबऱ्यापाशीच राहत होता.

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्ये बँकांना अर्जावर तिसरा चौकोन ठेवायला सांगितले. चांगलेच झाले. पण अर्ज बदलायला छापखाना पुरतो. ओंजळीत पाणी ओतणारा हात बदलायला तो पुरत नाही.

स्वतंत्र सोयींबद्दल आपले सरकार उत्साही असते, कारण त्यांचे उद्घाटन करता येते. भोपाळमध्ये २०१७ साली तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह उघडले. मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात फेब्रुवारी २०२३ मध्ये ३० खाटांचा कक्ष सुरू झाला. या गोष्टींना मी नावे ठेवणार नाही. पण जरा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या सदरात ४०,८९१ माणसे नोंदली गेली. राज्यात तालुके ३५८. म्हणजे तालुक्यामागे सव्वाशेसुद्धा नाहीत. खरी संख्या याच्या कित्येक पट धरली, तरी प्रत्येक एस. टी. स्थानकावर तिसरी इमारत उभी राहणार नाही, आणि राहिली तरी तिला कुलूप असेल. चंद्रपुरात अपघात झालेल्या माणसाला मुंबईतल्या ३० खाटांचा काय उपयोग? निव्वळ स्वतंत्र सोयीची वाट पाहायला लावणे म्हणजे हक्क पुढल्या अंदाजपत्रकावर ढकलणे होय.

स्वस्त उपाय सरकारनेच सुचवलेला आहे. स्वच्छ भारत अभियानाच्या एप्रिल २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत, तृतीयपंथीयांना पुरुषांचे वा स्त्रियांचे, त्यांच्या पसंतीचे सार्वजनिक स्वच्छतागृह वापरू द्यावे, असे म्हटले होते. दिल्ली मेट्रोने ऑगस्ट २०२१ मध्ये अपंगांसाठीची ३४७ स्वच्छतागृहे त्यांना खुली केली. वीटही रचावी लागली नाही.

यावर स्त्रियांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघतो. तो उडवून लावण्याजोगा नाही. पण स्त्रीला भय वाटते ते अंधाराचे, तुटक्या कडीचे, राखणदार नसण्याचे. दिवा, धड कडी, प्रत्येकाला बंद होणारी वेगळी खोली आणि जागेवर असलेला कर्मचारी, हे मिळाले तर दोघींचीही सोय होते. मुंबईतल्या स्त्रियांना मुतारीसारख्या साध्या गोष्टीसाठी २०११ पासून ‘राइट टू पी’ ही चळवळ चालवावी लागली. दिवसभर पाणी न पिता राहण्याचा अर्थ त्यांना कोणी समजावून सांगायला नको.

सोयी एकमेकींत गुंतलेल्या असतात, हेही विसरू नये. कोचीच्या मेट्रोने २०१७ साली तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, देशभर कौतुक झाले. त्यांतल्या काही जणींनी थोड्याच दिवसांत नोकरी सोडली, कारण शहरात त्यांना कोणी भाड्याने खोली देईना. 

मग करायचे काय? बँकेत दर वर्षी तपासणी होते. तपासनीस न सांगता येतो आणि आधी तिजोरी उघडायला लावतो. परिपत्रकाची फाइल नंतर पाहतो. तशी तपासणी इथे हवी. स्वच्छतागृहाच्या ठेक्यातच अट घाला, की कोणालाही परत पाठवले तर ठेका रद्द होईल. दारावर तशी पाटी लावा. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरला लेखी सांगा, की रुग्ण कोणत्या वॉर्डात ठेवायचा हे रुग्णालाच विचारायचे, आणि त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांनी वर्षातून दोनदा तृतीयपंथी प्रतिनिधींना बरोबर घेऊन ही दारे स्वतः तपासावीत आणि अहवाल प्रसिद्ध करावा.

यात कोणावर उपकार नाहीत. सार्वजनिक सोय ही सर्वांच्या कराच्या पैशांतून उभी राहते, आणि साबण, काडेपेटी विकत घेताना तृतीयपंथीही तो कर भरतातच. त्यांचा पैसा आपण कधी परत केलेला नाही.