खोक्यावर न छापलेली वैशिष्ट्ये

मोझर बेअर कंपनीने २००७च्या सुमारास चित्रपटाची व्हीसीडी २८ आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. डिस्क स्वस्त झाली तसा स्वस्त प्लेअरही गावोगाव गेला आणि लग्नाचे शूटिंग कॅसेटऐवजी डिस्कवर मिळू लागले. आज चित्रपट मोबाइलवर दिसतो. लग्नाची डिस्क मात्र घरात एकच असते. ती पाहायची म्हणून बीड जिल्ह्यातल्या केज-धारूरकडचे गिऱ्हाईक बंद पडलेला प्लेअर उचलून दुकानात येते, नाहीतर ‘स्वस्तातला एखादा सुचवा’ म्हणते. त्याला काय सांगायचे, हे आपण मेकॅनिकांनी ठरवायला हवे.

खोक्यावर ‘५.१ साउंड’ आणि ‘१०८० अपस्केलिंग’ ठळक छापलेले असते. डीव्हीडीवरचे चित्र मुळात ७२० बाय ५७६ बिंदूंचे. अपस्केलिंगने त्यात नवा तपशील येत नाही. टीव्हीच्या दोन स्पीकरवर ऐकणाऱ्याला ५.१चाही उपयोग नाही. यासाठी जादा पैसे घालवू नका, असे स्पष्ट सांगावे.

आधी पाहायचा तो सप्लाय. आपल्याकडे व्होल्टेज कधी पडते, कधी उसळते. मागच्या पट्टीवर ९० ते २४० किंवा १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल, तर पडत्या व्होल्टेजची चिंता कमी. उसळीसाठी संरक्षण वेगळे द्यावे लागते. दुरुस्तीत फुगलेले कपॅसिटर आधी तपासा. मुख्य कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी असते, म्हणून हात घालण्याआधी तो डिस्चार्ज करा.

त्यानंतर लेन्स, म्हणजे लेसरसकट अख्खा पिकअप. डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा आणि सीडी-व्हीसीडीला ७८० नॅनोमीटरचा लेसर लागतो. डीव्हीडी चालते पण व्हीसीडीला ‘नो डिस्क’ येते, तेव्हा बोर्डाआधी लेन्सवर संशय घ्यावा. कारखान्यात छापलेल्या डिस्कपेक्षा रेकॉर्ड केलेली डिस्क वाचायला बहुधा अवघड असते. लेसर थकला की लग्नाचीच डिस्क आधी अडते. म्हणून प्लेअर विकताना गिऱ्हाइकाची स्वतःची डिस्क लावून दाखवा. त्या मॉडेलची लेन्स बाजारात सुटी मिळते का, हेही तेव्हाच पाहा.

यूएसबी असली तरी मोबाइलवरचा व्हिडिओ चालेलच असे नाही. बरेच जुने प्लेअर फॅट-३२ पेन ड्राइव्ह आणि एक्सव्हिड फाइल घेतात, एच-२६४ घेत नाहीत. टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल सॉकेट नसतील, तर एचडीएमआय असलेलाच प्लेअर सुचवावा.

आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे निघून गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तेवढे महिने बंद घरात पडलेल्या प्लेअरच्या लेन्सवर धूळ बसते, ट्रेचा बेल्ट ताठरतो. लेन्स पुसून आणि बेल्ट बदलून भागत असेल, तिथे नवा प्लेअर गळ्यात मारू नये.

रेकॉर्ड केलेल्या डिस्कवरचा रंगथर उन्हाने, उष्णतेने आणि वयाने खराब होतो. तेव्हा प्लेअर सुरू झाला म्हणजे काम संपले, असे समजू नका. गिऱ्हाइकाला विचारून डिस्कची प्रत संगणकावरून पेन ड्राइव्हवर करून द्या आणि बिलात त्याची मजुरी वेगळी लावा. पुढच्या वेळी लेन्सच मिळाली नाही, तरी त्याचे लग्न त्याच्या घरात राहील.