अपूर्णांक शिकवणारी प्रोफेसर

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

माझी मावशी कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात गणित शिकवते. आजी सगळ्यांना कौतुकाने सांगते, "आमची लेक अमेरिकेत प्रोफेसर आहे." पण प्रोफेसरबाई शिकवायच्या काय? तर अपूर्णांक आणि आपलं सातवी-आठवीचं बीजगणित! कळलं तेव्हा मला हसूच आलं. एवढं शिकून हेच?

मग फर्स्ट इयरला माझ्या रूममेटला एम-वनमध्ये केटी लागली. (तिला विचारूनच लिहितेय.) जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेली, माझ्या दुप्पट अभ्यास करणारी मुलगी. "अगं, सोप्पं आहे" म्हणत मी तिला रात्र-रात्र भराभर गणितं सोडवून दाखवायचे, ती मान डोलवायची. पुन्हा केटी. शेवटी मावशीला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "ती नेमकी कुठे अडते, ते बघितलंस का?"

बघितलं. डिफरन्सिएशनचे नियम तोंडपाठ होते. पण वर 'एक्स अधिक ३' आणि खाली 'एक्स' दिसलं, की ती दोन्ही एक्स सरळ उडवायची. गुणाकारात चालतं, मग बेरजेत का नाही? म्हणजे चुकीलाही लॉजिक होतं!

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये शहरातल्या सगळ्या हायस्कूल पास मुलांना दारं उघडली, तेव्हा मिना शॉनेसी या शिक्षिकेला हेच दिसलं. नव्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध तपासून १९७७ मध्ये तिने पुस्तक लिहिलं. तिचं म्हणणं असं, की ही मुलं ढ नाहीत, त्यांच्या चुकांमागे विचार असतो, तो शिक्षकाने शोधायचा.

अमेरिकेत याला डेव्हलपमेंटल एज्युकेशन म्हणतात आणि ते रीतसर करिअर आहे. साधारणपणे मास्टर्स लागतं. टेक्सास स्टेट युनिव्हर्सिटीने तर यात पीएच.डी. काढली. अर्थात सगळं गोड नाही. बरेच शिक्षक पार्ट-टाइम, दर वर्गामागे पैसे घेणारे. आणि तिथेही मोठी चूक झालीच. कच्च्या मुलांना एकामागून एक बिनक्रेडिटचे कोर्स करायला लावले. हिशेब करा: तीन कोर्स, प्रत्येकात १०० पैकी ७० पास. शेवटी उरतात ३४! म्हणून कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा केला, की मुलांना एका वर्षात मुख्य कोर्स पार करता येईल असंच बसवा. आता मावशी मुख्य स्टॅटिस्टिक्सच्या जोडीलाच जादा तास घेते आणि अडलं की तिथल्या तिथे मागचं शिकवते.

आपल्याकडे काय होतं? केटीवाल्यांना "स्वतः बघा" म्हणतात. डिप्लोमाहून थेट सेकंड इयरला आलेल्यांना एम-थ्री येऊन आदळतं. जादा तास असलाच, तर तो सगळ्यात नव्या लेक्चररच्या गळ्यात. सर, मॅडम, रागावू नका, पण उलटं हवं. हे सगळ्यात अवघड शिकवणं आहे, ते सगळ्यात अनुभवी माणसाने करावं. आणि चालू विषयाच्या बरोबरीने करावं, नापास झाल्यावर नव्हे.

आणि आपणही "कुठे नोकरी नाही मिळाली म्हणून शिकवतो" असं म्हणणं सोडू या. रूममेटची केटी सुटली तेव्हा मला माझ्या स्वतःच्या डिस्टिंक्शनपेक्षा जास्त आनंद झाला होता. मला हेच काम करायचंय.

घरी अजून सांगितलेलं नाही. आधी इथे छापून तर येऊ दे!